बीपासून ऑर्किड, मराठवाड्याच्या हवेत: परागणापासून कुंडीपर्यंत

बीपासून ऑर्किड करायचं ठरवलंत, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. बी उगवणं हाच यातला अवघड भाग, असं नवख्याला वाटतं. तो भाग शिकता येतो. कुकर, अगर पावडर (समुद्री शेवाळाची, पाणी घट्ट करणारी) आणि हाताला थोडी शिस्त एवढ्यावर निभतो. मराठवाड्यात रोपं दगावतात ती बहुधा दुसऱ्या दोन कारणांनी. एक, ज्या बंद काचेच्या बाटलीत ती वाढवायची, तिच्याबाहेर ती चुकीच्या महिन्यात काढली जातात. दोन, त्यांना बोअरचं पाणी मिळतं. म्हणून इथे सगळा हिशोब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडला आहे: रोप बाटलीबाहेर यायचं ते आषाढ-श्रावणातच, आणि बाकीच्या तारखा त्यावरून ठरवायच्या.

बी मातीत का उगवत नाही

ज्वारीच्या दाण्यात कोंबाला पुरेल एवढं पीठ साठवलेलं असतं. ऑर्किडच्या बीत तो साठाच नसतो. बी म्हणजे पिवळसर धूळ. एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो कण. निसर्गात असा कण झाडाच्या सालीवर पडतो आणि तिथे योग्य बुरशी भेटली तर तिच्याकडून अन्न घेऊन वाढतो. बाकीचे सगळे वाया जातात. ही बुरशीची गरज नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखली. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवलं की बुरशी नसली तरी चालतं, बीला साखर आणि क्षार थेट दिले की पुरतं. फक्त साखर ठेवली की तिच्यावर हवेतली प्रत्येक बुरशी तुटून पडते, म्हणून सगळं काम निर्जंतुक बाटलीत करावं लागतं. कोकोपीटवर किंवा आईझाडाच्या कुंडीत बी भुरभुरून रोपं मिळवायचा नाद सोडा. त्यात वर्ष जातं आणि शेंगही जाते.

जात कोणती घ्यायची

पहिल्या खेपेला डेंड्रोबियम घ्या, तेही हारतुऱ्यांत ‘बँकॉक ऑर्किड’ म्हणून जांभळी-पांढरी फुलं येतात त्या प्रकारातलं. उष्णता सोसतं, शेंग चारेक महिन्यांत तयार होते, बी लवकर हिरवं होतं. घाई असेल तर स्पॅथोग्लॉटिस हे जमिनीत वाढणारं ऑर्किड त्याहून सोपं: त्याची शेंग साधारण दीड महिन्यातच पिकते आणि पेरणीपासून दोनेक वर्षांत फूल दिसतं.

फॅलेनॉप्सिसचं बी चांगलं उगवतं, पण मोठ्या झाडाला आपला मे महिना झेपत नाही आणि फुलाच्या दांड्यासाठी त्याला काही आठवडे गार रात्री लागतात. एसीची खोली नसेल तर सुरुवात त्याने करू नका. कॅटलियाच्या शेंगेलाच वर्षभर लागू शकतं.

आपल्याकडे आंबा, बाभूळ, मोहाच्या फांद्यांवर वाढणारं वांदा टेसेलाटा हे खरं तर या हवेचं झाड आहे. मात्र त्याची वाढ फार संथ, बीपासून फुलापर्यंत बरीच वर्षं. जंगलातून ते उपटून आणणं बेकायदा आहे आणि आणलेलं झाड बहुतेकदा मरतं. तुमच्याच बांधावरच्या आंब्यावर असेल, तर तिथेच परागण करा आणि फक्त एक शेंग घ्या. झाडाला हात लावू नका.

आईबाप निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बाजारातल्या पुष्कळ संकरित डेंड्रोबियममध्ये गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. त्यांची फुलं देखणी, पण बी वांझ. शेंग धरते, फुगते, आत मात्र नुसता भुसा. म्हणून एकाच जोडीवर विसंबू नका; तीन-चार वेगवेगळ्या जोड्या लावा. एकाच झाडाचं फूल त्याच झाडाच्या फुलाला लावलं तरी अनेक डेंड्रोबियम शेंग धरत नाहीत. एकाच झाडाच्या फुटव्यापासून केलेल्या दोन कुंड्या म्हणजेही एकच झाड, हे विसरू नका.

उलटा हिशोब

आषाढ-श्रावणात, म्हणजे १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, आपल्याकडची हवा आपोआप दमट असते आणि तापमान ३० च्या आसपास उतरलेलं असतं. रोप बाटलीबाहेर काढायला वर्षातली हीच एक खरी संधी. यावरून मागे मोजा. डेंड्रोबियमसाठी परागण भाद्रपदात (सप्टेंबर), शेंग काढून पेरणी पौषात (जानेवारी), पहिला बाटलीबदल (रोपं ताज्या अन्नाच्या नव्या बाटलीत हलवणं) चैत्रात (एप्रिल), दुसरा आश्विनात (ऑक्टोबर), आणि पुढच्या आषाढात रोपं बाहेर.

पेरणीपासून अठरा महिने होतात. प्रयोगशाळेत हेच काम दहा-बारा महिन्यांत उरकतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत बाटलीतली रोपं तयार दिसतील आणि हात शिवशिवतील. काढू नका. बाटलीत चार-पाच महिने जास्त राहिलेलं रोप फार तर जरा लांबट होतं. फेब्रुवारीत बाहेर काढलेल्या रोपाला मुळं धरायच्या आत मार्चची कोरडी हवा गाठते.

परागण सप्टेंबरात करण्यामागे दुसरंही कारण आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असताना केलेलं परागण धरलं तरी कोवळी शेंग पिवळी पडून गळते.

परागण

फूल उमलून तीन ते सात दिवस झालेले असावेत. सकाळी, ऊन चढायच्या आत काम करा. फुलाच्या मधोमध एक छोटा खांब दिसतो. ऑर्किडमध्ये नर आणि मादी भाग त्या एकाच खांबात असतात. खांबाच्या टोकाला टोपी असते. दात कोरायच्या काडीच्या टोकाने ती खालून वर हळूच उचकटली की आत पिवळ्या मेणाच्या गोळ्या दिसतात. डेंड्रोबियममध्ये त्या चार असतात. त्यांना देठ किंवा चिकटा नसतो, म्हणून सटकन खाली पडतात. खाली पांढरा कागद धरा.

ज्या फुलावर शेंग धरायची ते मादी फूल; त्याची टोपी आणि परागगोळ्या आधी काढून टाका. खांबाच्या खालच्या अंगाला, टोपीच्या जागेच्या जरा मागे, एक ओलसर चकचकीत खळगा असतो. काडीचं टोक त्या खळग्याला लावलं की त्यावर चिकटा येतो. त्याच चिकट्यावर दुसऱ्या झाडाच्या गोळ्या उचला आणि खळग्यात दाबून बसवा. देठाला चिठ्ठी बांधा: आईचं नाव आधी, मग गुणाकाराची खूण, मग बापाचं नाव, तारीख. पेन्सिलने लिहा, पेनाची शाई पावसाने जाते.

एक ते तीन दिवसांत फूल मान टाकतं, ते चांगलं लक्षण. आठवड्याभरात फुलामागचा देठ हिरवा राहून जाड होऊ लागला तर शेंग धरली. पिवळा पडला तर गेली. एका दांड्यावर दोनच शेंगा ठेवा आणि अशक्त झाडावर एकही नको, कारण चार महिने शेंग पोसताना झाडाचा नवा फुटवा मागे पडतो.

या काळात आत काय चालतं तेही समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. इतर पिकांत फूल उमलतं तेव्हा बीजांडं तयार असतात. ऑर्किडमध्ये परागण झाल्यावर ती घडायला सुरुवात होते आणि प्रत्यक्ष फलन त्यानंतर कित्येक आठवड्यांनी होतं. डेंड्रोबियमची दोन महिन्यांची शेंग बाहेरून टपोरी दिसली तरी आत उगवणारं बी नसतं.

पाणी आणि माध्यम

मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावला तर बऱ्याच ठिकाणी हजाराच्या आसपास आकडा दिसतो. ते बाटलीतही चालत नाही आणि रोपांनाही. माध्यमासाठी, म्हणजे बाटलीत बीला अन्न देणाऱ्या घट्ट मिश्रणासाठी, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी किंवा ५० च्या आत टीडीएस असलेलं आरओचं पाणी वापरा. जारचं पाणी घ्याल तर मीटर लावूनच. प्रत्येक जारवाल्याचं वेगळं असतं. रोपांसाठी पावसाचं पाणी साठवा. पहिले दोन-तीन पाऊस पत्रा धुऊन जाऊ द्या, नंतरचं झाकणाच्या टाकीत भरा.

क्षारांसाठी प्रयोगशाळेच्या दुकानात जायची गरज नाही. नडसन यांनी १९४६ मध्ये ठरवलेलं ‘नडसन सी’ हे माध्यम आजही चालतं, आणि त्यातले मुख्य क्षार कृषी सेवा केंद्रात ठिबकची विद्राव्य खतं म्हणून मिळतात. ००:५२:३४ म्हणजेच मोनो पोटॅशियम फॉस्फेट. कॅल्शियम नायट्रेट, अमोनियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट ही तर ओळखीचीच. १९:१९:१९ एकट्याने भागवायचा मोह होतो, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि कॅल्शियम नसतंच.

ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटसोबत सल्फेट किंवा फॉस्फेट टाकलं तर पाणी फाटून नळ्या चोंदतात, हे शेतकऱ्याला माहीत असतं. इथेही तोच नियम. म्हणून दाट द्रावणं दोन वेगळ्या बाटल्यांत करा. पहिल्या बाटलीत १०० मिली पाण्यात ९ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. दुसरीत १०० मिली पाण्यात अमोनियम सल्फेट ५ ग्रॅम, ००:५२:३४ अडीच ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट अडीच ग्रॅम. तिसऱ्या छोट्या बाटलीत १०० मिली पाण्यात १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह १ ग्रॅम. या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा, आणि वर ठळक नाव लिहा. वजनाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. स्वयंपाकघरातला चालणार नाही.

एक लिटर माध्यमासाठी ८०० मिली पाणी घ्या. त्यात पहिल्या बाटलीतलं १० मिली घालून ढवळा, मग दुसरीतलं १० मिली, मग लोहाचं ४ मिली. साखर २० ग्रॅम, साधी चहाचीच. आता पाणी लिटरभर करा आणि सामू (पीएच) तपासा, तो ५.२ ते ५.५ हवा. जास्त असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब, कमी असेल तर १०० मिली पाण्यात १ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून त्याचे थेंब. सामू ४.८ च्या खाली गेला तर उकळताना अगर मोडतं आणि माध्यम पेजेसारखं पातळ राहतं. ‘अगर घट्ट झालं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. शेवटी अगर पावडर ७ ते ८ ग्रॅम भुरभुरून घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. किराणा दुकानातलं चायना ग्रास चालतं, पण पट्ट्या असतील तर १० ग्रॅम घ्या आणि आधी अर्धा तास भिजवा. पाणी गढूळ होतं, मग स्वच्छ दिसू लागतं, तेव्हा उतरवा.

हे झालं पेरणीचं माध्यम. बाटलीबदलासाठी याच मिश्रणात पिकलेल्या केळ्याचा गर ४० ग्रॅम आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल दीड ग्रॅम घाला. केळं अर्धापूरकडचं असो की कुठलंही, सालीवर काळे ठिपके आलेलं घ्या आणि मिक्सरमधून काढा. केळ्याने सामू हलतो, पुन्हा तपासा. चारकोल मत्स्यटाकीच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तो कुटून बारीक करायचा. चुलीतला कोळसा त्याची जागा घेऊ शकत नाही. रोपाच्या जखमेतून निघणारी तपकिरी द्रव्यं शोषण्याची ताकद त्यात नसते. पेरणीच्या माध्यमात केळं घालू नका, कोवळ्या बीला ते जड जातं.

बाटल्या आणि कुकर

रुंद तोंडाच्या, ३०० मिलीच्या जॅमच्या काचेच्या बाटल्या उत्तम. पत्र्याच्या झाकणाला ५ मिमीचं भोक पाडा आणि त्यावर मेडिकलमधली मायक्रोपोर कागदी पट्टी दोन थरांत चिकटवा. हवा जाते, बुरशीचे कण अडतात. पट्टी ओली झाली की अडवत नाही, म्हणून कुकरमध्ये ठेवण्याआधी झाकणावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

प्रत्येक बाटलीत ५० ते ६० मिली माध्यम. झाकण अर्धा आटा सैल ठेवा. कुकरच्या तळाशी जाळी, चार-पाच सेंटीमीटर पाणी. झाकण लावून वाफ जोरात निघू लागली की लगेच शिट्टी बसवू नका. सहा-सात मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्या, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा अडकली तर शिट्टी होते, पण आतलं तापमान १२१ अंशांपर्यंत पोचत नाही. मग शिट्टी बसवा, पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि तिथून २५ मिनिटं मोजा. शिट्ट्या मोजू नका, घड्याळ पाहा. गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप थंड होऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर माध्यम उसळून झाकणाला लागतं आणि ती बाटली गेली.

चिमटा, सर्जिकल ब्लेड, एक काचेची बशी हेही फॉइलमध्ये गुंडाळून याच वेळी कुकरमधून काढा. झाकणाच्या डब्यात अर्धा लिटर पाणीही.

बाटल्या थंड झाल्या की झाकणं घट्ट करा आणि आठ दिवस तशाच ठेवा. ही रिकामी वाट पाहणं नवखे टाळतात, आणि नेमकं इथेच शिकायला मिळतं. आठ दिवसांत ज्या बाटलीत बुरशी दिसली तिचा दोष कुकरचा किंवा झाकणाचा. बाकीच्या स्वच्छ राहिल्या तर पुढे काही बिघडलं तरी माध्यमाकडे बोट दाखवता येणार नाही. हात किंवा शेंग, दोहोंपैकी एक.

पेरणीचा दिवस

शेंग फुटायच्या आत काढायची. डेंड्रोबियमसाठी परागणापासून ११० ते १२० दिवस. शिरांच्या रेघा ठळक झाल्या, टोकाकडे हिरवा रंग फिका होऊ लागला की वेळ आली. हिरव्या शेंगेचा मोठा फायदा असा की आतला भाग निसर्गतःच निर्जंतुक असतो. फक्त बाहेरून साफ करायची. शेंग फुटली की बी हवेत उघडं पडतं आणि प्रत्येक कण धुवावा लागतो.

कामाला ४०-५० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आडवा ठेवा, बाजूला हात जातील एवढी दोन भोकं पाडा, तिथे लांब हातमोजे टेपने चिकटवा. खोलीतला पंखा, कूलर बंद. झाडलोट आदल्या दिवशी, त्याच दिवशी नको. डब्याच्या आत एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं फवारून पुसा, सगळं सामान आत ठेवा आणि वीस मिनिटं धूळ बसू द्या. स्पिरिट वापरत असाल तर डब्यात किंवा जवळपास दिवा, मेणबत्ती, काडी काहीही पेटवायचं नाही. बंद डब्यात साचलेली स्पिरिटची वाफ भडका घेते आणि हात आत अडकलेले असतात. आणि ब्लीच कधीही व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायच्या द्रावणात मिसळू देऊ नका. क्लोरीन वायू निघतो.

शेंगेच्या टोकाला सुकलेल्या फुलाचं बोंडूक असतं, ते कापून टाका, बुरशी तिथेच दडते. भांड्यांच्या साबणाने, मऊ ब्रशने शेंग घासा. स्पिरिटने पुसा. मग एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी आणि साबणाचा एक थेंब यात वीस मिनिटं बुडवून अधूनमधून हलवा. ब्लीच म्हणजे दुकानातलं ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात पडून राहिलेल्या बाटलीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, तेव्हा ताज्या तारखेची घ्या. ते न मिळाल्यास ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल पावडर: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम, पंधरा मिनिटं ढवळून निवळू द्यायची, फडक्यातून गाळून लगेच वापरायची. बंद पिशवीतली, नाकाला झोंबणारी पावडर असेल तरच.

डब्यात शेंग निर्जंतुक बशीवर ठेवून दोन्ही टोकं कापा, उभी चिरा. आतून पिवळसर कापसासारखं बी सुटेल. चिमट्याच्या टोकावर तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन बाटलीत टाका, चमचाभर कुकरमधलं पाणी घालून बाटली फिरवा म्हणजे बी पसरतं. जास्त टाकायचा मोह आवरा. दाट पेरलेल्या बाटलीत सगळीच रोपं उपाशी राहतात. एका शेंगेतून दहा बाटल्या भरल्या तरी पुष्कळ बी उरतं. बी ओलं, पांढरं, चिकट निघालं तर शेंग कच्ची होती. कोरडं आणि हलकं भुसकट निघालं तर बहुधा वांझ. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठं करून पाहिलं तर निर्णय पाच मिनिटांत होतो: चांगल्या बीच्या पातळ पिशवीत मधोमध अंडाकृती गर्भ दिसतो, वांझ बीत पिशवी रिकामी.

शेंग फुटलीच असेल तर बी कागदाच्या पुडीत घ्या. एक भाग ब्लीच, सात भाग पाणी, साबणाचा अर्धा थेंब यात आठ-दहा मिनिटं हलवत ठेवा, मग कुकरमधल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पेरा. यात बुरशीचं प्रमाण जास्त राहतं, आणि वेळ लांबली तर गर्भही मरतो.

बाटलीतले महिने

बाटल्या एलईडी ट्यूबखाली २५-३० सेंटीमीटरवर, दिवसाला बारा तास उजेड. खिडकीच्या उन्हात ठेवू नका. बंद काच उन्हात भट्टी होते. जानेवारीत गच्चीवरची खोली रात्री फार गार पडते, आतल्या खोलीत ठेवा. २२ ते २८ अंश हे सोयीचं तापमान.

दोन ते चार आठवड्यांत पिवळी धूळ फुगून हिरवे ठिपके होतात. हे अजून रोप नव्हे. मोहरीपेक्षा लहान गोळा, त्याला बारीक केस. मग त्यातून पहिलं पान डोकावतं.

बुरशी कुठे आणि कधी दिसली त्यावरून चूक ओळखा. तीन ते सात दिवसांत बीच्या ठिपक्यांभोवती कापूस आला, तर शेंग नीट साफ झाली नव्हती किंवा तिला बारीक चीर होती. माध्यमावर दुधाळ, चिकट डाग म्हणजे जिवाणू, बहुधा हत्यारातून आलेले. दोन-तीन आठवड्यांनी झाकणाकडून, कडेने बुरशी उतरली तर पट्टी ओली झाली किंवा मुंग्या शिरल्या. साखरेचा वास मुंग्यांना कळतो. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. बिघडलेली बाटली घरात उघडू नका, तशीच कुकरमध्ये घालून मग धुवा. पहिल्या खेपेला निम्म्या बाटल्या गेल्या तरी हताश व्हायचं कारण नाही, एका चांगल्या बाटलीतून तुमच्या गच्चीला पुरून उरतील इतकी रोपं मिळतात.

एप्रिलमध्ये गोळ्यांना एक-दोन पानं दिसली की केळ्याच्या माध्यमात हलवा, त्याच डब्यात, त्याच शिस्तीने. पहिल्या बदलाला एका बाटलीत ४०-५०, ऑक्टोबरच्या दुसऱ्या बदलाला २० ते २५. सगळ्यात मोठी आणि सरळ रोपंच उचलायची असं नाही. रंगाची विविधता हवी असेल तर मागे पडलेल्यांतलीही काही घ्या.

मे महिना बाटलीसाठीही परीक्षा आहे. खोली ३४-३५ च्या वर गेली की गोळे तपकिरी होऊ लागतात आणि बाटलीच्या आत पाण्याचे ओघळ साचतात. वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची खोली सगळ्यात वाईट. जुनं माळवदाचं घर असेल तर त्यातली आतली खोली, जमिनीलगत, यासारखी जागा नाही. नसेल तर तळमजल्यावर कूलर चालतो त्या खोलीत, फरशीवर. उजेड दोन महिने कमी पडला तरी चालेल, उष्णता नको. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत माध्यम आक्रसून काचेपासून सुटलेलं दिसलं, तर तिसऱ्यांदा बाटली बदला. तसंच मे महिन्यात ढकलू नका.

बाटलीबाहेर

ऊतिसंवर्धित केळीची रोपं लावणाऱ्यांना हार्डनिंग, म्हणजे रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावून घेणं, हा शब्द माहीत आहे. केळीचं हार्डनिंग नर्सरी करून देते, इथे ते तुम्हालाच करायचं आहे. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर नसतो आणि मुळांनी कधी तहान पाहिलेली नसते.

जुलैच्या सुरुवातीला बाटल्या सावलीच्या व्हरांड्यात आणा. दहा दिवसांनी झाकण सैल करा, आणखी दोन दिवसांनी काढा. पाऊस लागून राहिलेले तीन-चार ढगाळ दिवस बघून रोपं बाहेर घ्या. मध्येच उघडीप पडली असेल तर आठवडा थांबा. कोमट पाणी घालून माध्यम सैल करा, रोपं ओढू नका. मुळांना चिकटलेलं अगर बोटांनी धुऊन पूर्ण काढा. त्यात साखर आहे, आणि थोडं जरी राहिलं तरी चार दिवसांत मुळाशी कुजतं. लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. मग कागदावर तासभर सुकू द्या.

काळी माती नको, कोकोपीटही नको. दोन्ही पाणी धरून ठेवतात. नारळाच्या सोडणाचे आणि लाकडी कोळशाचे ५ ते ८ मिमीचे तुकडे समान घ्या. सोडण आठवडाभर भिजवा, रोज पाणी बदला, तपकिरी रंग उतरेपर्यंत. चार इंची कुंडीत १०-१२ रोपं एकत्र लावली तर ती एकट्यापेक्षा बरी जगतात, कारण आजूबाजूचा ओलावा टिकतो. कुंडी पारदर्शक डब्यात, ७५ टक्के सावलीच्या नेटखाली. डब्याचं झाकण पहिला आठवडा बंद, मग रोज अर्धा तास उघडं, आणि वेळ वाढवत चौथ्या आठवड्यात कायमचं काढायचं. पाणी सकाळी, पावसाचं किंवा आरओचं. तीन आठवडे खत नाही. नंतर आठवड्यातून एकदा लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ आणि एका आठवड्याआड त्याऐवजी अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट.

पान पाणथळ होऊन वास आला तर जिवाणूंची कूज. ते रोप लगेच काढा आणि उरलेल्यांना दोन दिवस पाणी देऊ नका. पानांची टोकं तपकिरी, कोरडी होत असतील तर पाण्यातले क्षार. शंखी गोगलगाय हा आपल्या भागात अलीकडे वाढलेला धोका. २०२२ च्या खरिपात तिने लातूर, बीड, धाराशिवकडचं कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं. ऑर्किडचा ट्रे ती एका रात्रीत साफ करते. ट्रे उंच मांडणीवर ठेवा आणि अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन फेरी मारा.

पहिल्या हिवाळ्यात थंडी दहा-बाराच्या खाली गेली की कुंड्या रात्री आत घ्या, पाणी कमी करा. पहिल्या उन्हाळ्यासाठी मार्चच्या आधीच तयारी हवी: नेटचा दुसरा थर, पश्चिमेकडून वाळ्याचा पडदा किंवा ओली पोती, कुंड्यांखाली ओल्या वाळूचा ट्रे. आपली कोरडी हवा इथे एकदा तरी उपयोगी पडते. साधा वाळ्याचा कूलर दमट मुलखात निरुपयोगी, मराठवाड्यात मात्र तो तापमान चांगलंच उतरवतो. रोपांना झोत थेट लागू देऊ नका, बाजूने वाहू द्या. एप्रिल-मे मध्ये पानांच्या मागे बारीक लाल कोळी दिसतात. पानं उलटी करून पाण्याने धुतली तर बरेचसे जातात.

दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक रोपाला स्वतंत्र तीन इंची कुंडी द्या. बाटलीबाहेर आल्यापासून साधारण दीड ते अडीच वर्षांत डेंड्रोबियम फुलतं. पहिल्या बहराचा दांडा आखूड आणि फुलं मोजकीच असतात, त्यावरून रोप टाकू नका; दुसऱ्या बहरापर्यंत थांबा. आणि परागणाच्या दिवशी बांधलेली ती चिठ्ठी, शेंगेपासून बाटलीवर, बाटलीपासून कुंडीवर, प्रत्येक वेळी नव्याने लिहून पुढे न्या. एकाच शेंगेतली दोन रोपंही सारखी फुलत नाहीत, म्हणून कुंडी वेगळी झाली की प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक द्या.